बाइंडरने शिवलेला पिवळा फ्रॉक

ती. ताईस,

सुईने चाळण झालेल्या दहाही बोटांचा नमस्कार. (अंगठे धरून.) दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझं पित्त काय म्हणतं? इकडे आम्ही तिघं मजेत. फ्रॉकची बातमी आमच्याच घरातून तुझ्यापर्यंत फुटली आणि 'त्याला म्हणावं, नाही ते उद्योग करू नकोस' असा तुझा निरोप आला, तो पोचला. उद्योग केला, आणि तडीस नेला. आता सविस्तर ऐक.

पोरीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम आहे. गाणाऱ्या मुलींना पिवळा फ्रॉक हवा, पुढे दोन खिसे. असा दुकानात मिळेना. (पिवळा मिळतो त्याला खिसे नाहीत, खिसे असतात तो निळा.) हिची हॉस्पिटलात पाळी, वेळ कुठला? मी म्हटलं, मी शिवतो. तेव्हा पोरगी आईच्या कानात, पण मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, की ते तर पुस्तकं शिवतात. ताई, लग्नाला वर्ष होत आलं. हिची मुलगी ती माझी मुलगी, हे मी पहिल्या दिवसापासून धरून चाललोय. पण त्या सात वर्षांच्या बयेने मला अजून कशानेच हाक मारलेली नाही. 'काका' नाही, 'अहो' नाही. पाणी हवं असलं की मागे येऊन उभी राहते. मी नाहीच वळलो, तर खोकते. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं, तुझ्यापासून काय लपवायचं! म्हणून हट्टालाच पेटलो. वीस वर्षं हजार हजार पानांचे ग्रंथ शिवणाऱ्या माणसाला एक फ्रॉक भारी पडतो म्हणजे काय!

पहिला फ्रॉक बाइंडरच्या पद्धतीने शिवला. तिचा जुना फ्रॉक टेबलावर सपाट ठेवून लांबी-रुंदी घेतली, पेन्सिलीने रेघ मारली आणि रेघेवर, बरोब्बर रेघेवर, कापलं. (आमच्या धंद्यात रेघेबाहेर केसभर राहिलं तर मालक पुस्तक तोंडावर फेकतो.) शिवायला दाभण आणि मेण लावलेला दोरा. पोर काही पुस्तकासारखी सपाट नसते, तिला पोट असतं, पाठ असते, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिचं डोकं गळ्यात अडकलेलं होतं. ओढून काढलं. कान लाल झाले, पण रडली नाही. खोकली.

दुसरा जरा मोठा कापला, आणि घेर ताठ राहावा म्हणून कडेला खळ लावली. वाळल्यावर फ्रॉक टेबलावर आपला आपण उभा राहिला. ती खाली बसली की पुठ्ठा मोडल्यासारखा आवाज यायचा. त्यात काखेत उसवला. तो घेऊन समोरच्या शिंप्याकडे, मास्तरांकडे गेलो. म्हटलं, नुसतं बघा, हात लावू नका. मास्तरांनी फ्रॉक उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "यात माया नाही." ताई, माझी तळपायाची आग मस्तकात गेली! आठ दिवस मी बोटं फोडून घेतोय आणि हे मला माया शिकवणार? सख्ख्या बापाने तरी एवढं केलं असतं का, असं बरंच काही बोलून गेलो. मास्तर घाबरले. मला स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, की शिवणीच्या आत जे बोटभर जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढली की उसवून कपडा मोठा करता येतो. गिऱ्हाइकं हसली नाहीत, हे त्यांचे उपकार.

तिसऱ्यात मी चारी बाजूंनी चार चार बोटं माया सोडली. बाहेरून फ्रॉक आहे, आतून सतरंजी. उजवा खिसा डाव्याहून किंचित वर. (किंचित म्हणजे दोन इंच.) पण तो अंगात शिरला, अंगातून निघाला, आणि आज सकाळी तो घालून ती तालमीला गेलीसुद्धा. तेव्हा तुझी मदत लागली नाही, पुढेही लागणार नाही, हे कळावं म्हणून हा पत्रप्रपंच.

तुझा धाकटा

ता. क. : बाह्या मास्तरांनी बसवल्या. फक्त बाह्या. आणि गळा.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात पोरगी शाळेतून आली आणि बाईंची चिठ्ठी माझ्या हातात दिली. जशीच्या तशी उतरवतो : 'फ्रॉक कोणी शिवला असे विचारले असता आपल्या मुलीने "माझ्या बाबांनी" असे सांगितले. उरलेल्या अकरा मुलींचेही ते शिवून देतील, असेही तिने सर्वांना सांगितले आहे. तरी शुक्रवारपर्यंत मिळावेत.' मी चिठ्ठी तीनदा वाचली. पोरगी समोर उभी राहून माझं तोंड बघत होती. अकरा हा आकडा मला तिसऱ्या वाचनात दिसला, आणि तोवर मी खाली 'अवश्य देतो' असं लिहून, सही करून, सहीखाली 'मुलीचे बाबा' असंही लिहून बसलो होतो. आता माघार नाही. ताई, तुझं मशीन घे आणि मिळेल त्या गाडीने निघ.