धुळ्याला बरोबर, जळगावला चूक

सोम. ८ फेब्रु. ९९, जळगाव
सामायिक फाईल एकदाची पुरी. जळगाव, धुळे, शिरपूर, तिन्ही कॉम्प्युटर क्लासनी केळी-कापूसवाल्यांची वेबपानं करायची आणि त्यातली तारीख, वजन, नाव या एकाच जावास्क्रिप्ट फाईलने तपासायचं. लिहायची मी. दोन्ही ब्राउझरांत चालवून बघायची धुळ्याच्या सुनंदाने. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता तिथल्या क्लासची मास्तरीण. फ्लॉपी एस.टी.ने रवाना. कंडक्टर: "काय शे हाई?" म्हटलं, तारखा. त्याने खिशात घातली.

बुध. १०
सु.चा फोन. "नाना, बठ्ठं बराबर शे."
सगळं बरोबर असणारच. गणित शिकवण्यात जन्म गेला.

शनि. १३
फजिती. केळीच्या गाडीची आजची तारीख टाकली, पानावर मार्च उमटला. व्यापारी म्हणतो, "मास्तर, माझी गाडी पुढच्या महिन्यात गेली का?" सगळे हसले. मीही हसलो, वरवर.
कारण सापडलं. जावास्क्रिप्टात जानेवारी म्हणजे शून्य. मी एक धरला.
पण मग धुळ्याला बरोबर कसं चाललं?

रवि. १४, धुळे
सकाळच्या गाडीने गेलो. एरंडोलला अर्धा तास पंक्चर.
सु.च्या मशीनवरची फाईल उघडली. महिना दुरुस्त केलेला. वजनात दशांश घेत नव्हतं, तेही दुरुस्त. आणखी दोन-तीन ठिकाणी हात फिरवलेला, माझ्यापेक्षा नीटनेटका.
"सांगितलं का नाहीस?"
मान खाली. एरवी क्लासात चोख प्रमाण बोलते, घाबरली की तिच्या गावची, सोनगीरची बोली बाहेर येते. "तुमले कसं सांगू, नाना? तुम्हीच तर शिकाडं."
राग आला. तिचा की माझा, कळेना. शरमच असावी. फाईल एकच राहावी म्हणून हा सारा उद्योग, आणि झाल्या दोन. नाव मात्र एकच.
चूक दिसली की सांगायची, असं बजावलं. "हो, नाना." तिचं हे 'हो' शाळेपासून ओळखतो.
चहा झाला. तिची फाईल घेऊन परत.

गुरु. १८
सोमवारी शिरपूरवाल्यांना फाईल द्यायची. ती धुळ्याहूनच जाईल.
मनात आहे की यापुढे फाईल सु.कडेच सोपवावी. मी किती दिवस पुरणार? पण जी गुरूला चूक सांगत नाही, ती शिरपूरच्या पोरांना तरी काय सांगेल? आणि सगळेच असे गुपचूप दुरुस्त करत बसले तर...
म्हणून आज एक चूक मुद्दाम पेरली. ३१ एप्रिल चालेल असं केलं. आंधळ्यालाही दिसेल. सांगितलं तर फाईल तिची.
फ्लॉपी दुपारच्या गाडीने धुळ्याला, तपासायला.

शनि. २०
फोन. "बठ्ठं बराबर शे, नाना."
"काहीच चुकलं नाही?"
"नाही."
संध्याकाळी फ्लॉपी परत आली. ३१ एप्रिल नाहीसा. काम चोख. मला मात्र लागलं.

रवि. २१
पुन्हा सु.चा फोन, एस.टी.डी. बूथवरून. "नाना, एक विचारू? रागावणार नाही ना?"
वाटलं, आली वाटेवर. "विचार की."
बूथचं दार ओढून घेतल्याचा आवाज. मग हळू आवाजात,
"नाना, डोया तपासी ल्या ना एकदाव." आवाज रडवेला. तिनेच फोन ठेवला.
चष्मा काढून पुसला. परत घातला. डोळे शाबूत आहेत.
उद्या शिरपूर. त्याआधी तिला फोन करायला हवा. चूक मी मुद्दाम केली होती, तुला पारखायला, एवढंच तर म्हणायचं.
पण तिला कसं सांगू?