कोंबडेरावाचं कुलूप

३ सप्टेंबर १९९९, शुक्रवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. पुढे आत्मचरित्राला कामी येईल.
सद्यस्थिती: पेइचिंगच्या कॉम्प्युटर बाजारात दुसऱ्या मजल्यावर गाळा. 'नवशिखर' कॉम्प्युटर. जुळवणारा मी, विकणारा मी, बिघडला की शिव्या खाणाराही मीच. आजूबाजूला बड्या कंपन्या. त्यांनी परत भाव पाडले. पाडू देत. त्यांच्याकडे कोंबडेराव नाही.
कोंबडेराव म्हणजे मुलांना गणित शिकवणारा माझा प्रोग्राम. उत्तर बरोबर आलं की आरवतो. आठ महिने खपून लिहिला. प्रत्येक मशीनबरोबर सीडी फुकट, दुसरीकडे कुठेच मिळायची नाही. आईबाप रांग लावतील.

त्याच दिवशी, दुपार
धोका एकच, चोरी. सकाळी निघालेली सीडी संध्याकाळी जिन्यावर पाच युआनला मिळते. तेव्हा आधी कुलूप. नक्कल करायला गेलं की पडद्यावर अक्षरं येतील: लाज बाळगा.
(मशीनमधलं बाकीचं सगळं सॉफ्टवेअर मीही जिन्यावरूनच आणतो. ते वेगळं. त्या परदेशी कंपन्या, त्यांना काय कमी आहे.)

१२ सप्टेंबर, रविवार
कुलूप तयार. स्वतःवरच खूश. बायकोला, लानइंगला, दाखवलं. तिने बघितलं आणि रजा कधी संपते ते विचारलं. रेडिओ कारखान्यातून मी बिनपगारी रजेवर आहे. २९ ऑक्टोबरला हजर झालो नाही तर नोकरी गेली, आणि या दोन खोल्या कारखान्याच्या, म्हणजे त्याही गेल्या. म्हटलं, तोवर आपण मोटारीतून फिरत असू. म्हणाली, तोवर सायकलची चेन बसवून दे.

२५ सप्टेंबर, शनिवार
एकूण विक्री: दोन. पैकी एक मेव्हण्याला. काल सणाचे मूनकेक घेऊन आला होता, बिचारा नाही म्हणू शकला नाही.
काळा चष्मा लावून जिन्यावर पाहणी केली. कडेवर बाळ घेऊन आन्ह्वेई प्रांतातली एक बाई तिथे उभी असते. बाळाच्या दुपट्यात सीड्या. कानाशी जाऊन विचारलं, कोंबडेराव आहे का. म्हणाली, मालक, चष्मा काढा, पायऱ्या दिसायच्या नाहीत. आणि असलं काही नाही आपल्याकडे.
कुलपाचा दणदणीत विजय.

९ ऑक्टोबर, शनिवार
अजून चोरी नाही. मन लागत नाही.
शेजारच्या गाळ्यातल्या पांगचा टायपिंग शिकवणारा प्रोग्राम चोरीला गेला. बुडालो, बुडालो करत पठ्ठ्याने अख्ख्या मजल्याला चहा पाजला. मला दोनदा सांगून गेला. वर खांद्यावर हात ठेवून, तुझं बरं आहे रे बाबा, तुझ्या वाटेला कुणी जात नाही, म्हणे. चहा प्यालो.
निष्कर्ष: कुलूप फारच भक्कम झालंय. बिचारे चोर प्रयत्न करून थकले असणार.

१४ ऑक्टोबर, गुरुवार
नवा संकल्प. चोरीतून जाहिरात. घराघरात कोंबडेराव आरवला की लोक नवशिखर शोधत येतील.
जिन्यावरच्या बाईला सीडी नेऊन दिली. कुलपाची वही पण दिली. आत आकृत्या, किल्ली, सगळं. निघताना, हे चोरलंय असं समजा, म्हटलं. म्हणाली, घरी सगळं ठीक आहे ना, मालक?

२६ ऑक्टोबर, मंगळवार
सोनियाचा दिवस! (निदान अकरापर्यंत.)
पांग तणतणत आला. जिन्यावरून एक सीडी घेतली, साडूसाठी कॉपी काढायला गेला तर पडद्यावर 'लाज बाळगा'. माझी अक्षरं! तडक खाली पळालो.
बाई हसून म्हणाली, मालक, कुलूप झकास आहे हो तुमचं. दक्षिण फाटकावरचे मेले आमच्या सीड्या कॉपी करून चारला विकायचे. आता बसलेत बोंबलत. आमच्या प्रत्येक सीडीवर लावलंय.
मी विचारलं, आणि कोंबडेराव?
कोंबडा काढून टाकला, म्हणाली. जागा खात होता. आमच्या थोरलीने बघितला होता आधी. सात आठे चोपन्नलाही आरवतो म्हणाली.
वर आलो. तपासलं. आरवला.
फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. जेवलो नाही. लानइंगने कारखान्याचा निळा कोट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी आठला हजर. नोकरी शाबूत, खोल्या शाबूत.
संचालक म्हणाले, तू कॉम्प्युटरवाला ना, बरा सापडलास. ऑफिसातल्या पोरींनी बाजारातून सीडी आणलीय, दहा मशीनसाठी कॉप्या काढायच्यात, पण निघत नाहीत. नुसतं लाज बाळगा, लाज बाळगा येतंय.
म्हटलं, दोन मिनिटांचं काम.
संध्याकाळी साडेपाचपर्यंत बसलो होतो. किल्ली वहीत. वही बाईला दिलेली. नक्कल ठेवलेली नाही.
संचालकांनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, राहू दे, मनाला लावून घेऊ नकोस, हे कुणा हुशार माणसाचं काम दिसतंय. तू सोमवारपासून पॅकिंगला ये.