मुरुडच्यांना कोणी सांगितलं?

लातूर,
८ एप्रिल १९८५

सौ. शिवाअक्कास रत्नाचा शरणू शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहोत. पाण्याचं तेवढं विचारू नकोस. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या झाल्या, साहेब लोक आले. टँकर मात्र दोन दिवसांआड. भावजींचा गुडघा आता कसा आहे?

तुझं पत्र मिळालं. मुरुडच्यांनी माझ्या गौराचं स्थळ नाकारलं, पोरगी पांढरे घट्ट मोजे घालून नाचते असं त्यांच्या कानावर गेलं, तू वाईट वाटून घेऊ नकोस, असं लिहिलंस. मी वाईट वाटून घेत बसले नाही. कोणी सांगितलं ते शोधायला लागले.

पहिला संशय फ्रेनीबाईंवर. पाण्याच्या ऑफिसातल्या इंजिनियरची ही पारशी बायको हैदराबादेहून आली आणि कन्याशाळेच्या हॉलात मुलींना बॅले शिकवू लागली, तेव्हापासून माझ्या डोळ्यात खुपत होती. गोऱ्या लोकांचा नाच, तोही दार लावून! गौराच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणे, "उंबऱ्याची ठेच लागली." आमच्या भाड्याच्या घराला उंबराच नाही, अक्का.

मंगळवारी न सांगता गेले आणि दार ढकललं. म्हातारा हलगीवाला नरसिंग कोपऱ्यात बसून वाजवत होता. खिडकीच्या गजांना आडवा बांबू बांधलेला. तो धरून मुली गुडघे बाहेर वळवून हळूहळू खाली जात, वर येत. आणि तोंडानं गात होत्या!

"गाणं, नाटक, नाच मी वेगवेगळं शिकवत नाही," बाई म्हणाल्या. "ताल आधी गळ्यात बसला की पायात उतरतो."

"आन् दार कशाला लावता?"

"बाहेरून शिट्ट्या मारतात. तुम्हीच सांगा, काय करू?"

मग मुलींनी नाटक दाखवलं. बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघतात. गौरा सगळ्यांच्या मागे. टँकर दिसतो का म्हणून ती टाचा उचलते, आणखी उचलते, मान लांब होते, हात तरंगल्यासारखे वर जातात, आणि तशीच थांबते. मला वाटलं, आता पडते. पडली नाही. मी दर वेळी तशीच उभी राहते गं. पण त्यात एवढं काही बघण्यासारखं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

शेवटी बाई तिलाच रागावल्या. "नुसत्या अंगठ्यांवर उभं राहायचं नाही म्हटलं होतं ना? घोटे पक्के व्हायला वर्षं लागतात. घरी चोरून केलंस!" गौरानं मान खाली घातली. चिंधीचं कारण कळलं.

राहिले मोजे. मुली सलवारीवर नाचतात. बाईंनी नमुन्याचा एकच जोड मला दाखवायला गौराबरोबर पाठवला होता. मी तो त्याच दिवशी ट्रंकेत टाकला, गौरानं घातलाच नाही. बाई मुरुडात कुणाला ओळखत नाहीत. यांनासुद्धा मी बोलले नव्हते. सिद्धेश्वराच्या जत्रेला आलीस तेव्हा तुला एकटीला ट्रंक उघडून दाखवला. दोघी किती हसलो!

माझं चुकत असेल. चुकत असलं तर खुशाल शिव्या दे.

पण काल शेजारची भामाबाई मुरुडहून माहेरपण करून आली. त्याच घरी साखरपुड्याची तयारी चाललीय म्हणाली. मुलगी तुमच्या निलंग्याची. नागम्मा. आपली नागू. हे तुझ्या पत्रात न्हाई, अक्का.

नागू माझीही लेक आहे. तिला हळद लावायला मी येईन, कुणापुढं चकार शब्द काढणार नाही. यांनाही मोज्यांचं सांगितलं, तुझं नाव घेतलं नाही. "नाचू दे पोरीला," एवढंच ते म्हणाले.

रविवारी मुलींचा कार्यक्रम आहे. नागूला घेऊन ये, पुढच्या रांगेत जागा धरते. तू आलीस तर तुझ्या तोंडाकडे बघून मला कळेल. नाही आलीस तर बघायचीही गरज नाही.

भावजींना नमस्कार. नागूला आशीर्वाद, अगदी मनापासून.

तुझ्याच पाठची,
रत्ना