खुर्चीमागचा इन्व्हर्टर

सोमवार, १६ फेब्रुवारी

चि. चिमीस,

आशीर्वाद. रागात आहे, म्हणून ते काही कमी केलेले नाहीत. इकडे सगळं ठीक. तुझे भावजी दिवसभर कुरकुरतात, म्हणजे ठणठणीत आहेत. फोनवर आपण दोघी भांडतो, म्हणून लिहितेय.

‘आठ दिवस जाऊन येतो’ म्हणून तुझ्याकडे गेलेले बाबा तीन महिने तिथंच रमले. का, तर म्हणे ताईच्या घरात कानातलं मशीन गुणगुणतं, धाकटीकडे कसं स्वच्छ ऐकू येतं! तुझ्याकडे! जिथं तीन पोरं आणि एक शिट्ट्या मारणारा नवरा! अंगाचा नुसता तिळपापड झाला. लहानपणापासून हेच. तू गायलीस की ‘वा!’, मी उडालेला फ्यूज बसवला की ‘बरं.’

पण माझं कामच हे आहे, ते विसरलात तुम्ही बापलेक. कारखान्यात नाजूक यंत्रं मी तपासते, पत्र्यानं मढवलेल्या खोलीत, मोबाईल बाहेर ठेवून. शेजारच्या मोटरची, तारेची लुडबूड आत शिरली की यंत्रातले आकडे नाचायला लागतात. परक्यांची यंत्रं सांभाळते आणि स्वतःच्या बापाचा कान सांभाळता येऊ नये? म्हटलं, थांब. बाबांना घरी आणतेच.

घरभर शोधलं. त्यांच्या खुर्चीमागे, भिंतीच्या पलीकडे, इन्व्हर्टर! तो जिन्याखाली हलवला. जुनी ट्यूब चोकसकट काढली. तारा लोखंडी पाइपातून नेल्या, पाइपाला अर्थिंग दिलं. तुझे भावजी म्हणाले, “आता मलाही पत्र्यात गुंडाळ.”

काल बाबा आले. खुर्चीत बसले, मशीन लावलं, मान वाकडी करून ऐकत राहिले. “अगं, गेली की गुणगुण!” चिमे, मी लहान पोरीसारखी हसले गं. आता त्यांची बॅग पाठवून दे, एवढंच तुला लिहायचं ठरवलं होतं.

चहाही छान झाला होता.

बरं, सांगते. चहा घेताना मी बोलत होते. गोळ्या घेता का, तिकडे लक्ष कोण देतं, धाकटीनं तुम्हाला पोरं सांभाळायलाच ठेवलंय, माझी आठवण तरी येते का. वावगं काही बोलले नाही. बाबांचा हात हळूच कानाकडे गेला. मशीन काढून त्यांनी बशीशेजारी ठेवलं.

“परत वाजतंय,” म्हणाले.

शक्यच नाही! मी ते उचलून माझ्याच कानात घातलं. “कुठं वाजतंय बाबा? तुम्हाला तिच्याकडेच राहायचं असेल तर सरळ सांगा ना, उगाच मशीनवर कशाला...”

गुणगुण नव्हतीच. माझा आवाज येत होता. केवढा मोठा गं, चिमे.

मी मशीन पदरानं पुसून त्यांच्या हातात दिलं. “हो, वाजतंय थोडं,” म्हटलं.

संध्याकाळी ते तुझ्याकडे परतलेच, तेव्हा बॅग राहू दे तिथंच. मला एवढंच कळव, तू त्यांच्याशी काय बोलतेस? की नुसती बसतेस शेजारी? तेही जमवेन मी. रविवारी पुन्हा पाठव त्यांना. ताईकडे दुरुस्ती अजून चालू आहे, असं सांग.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
ताई