आबा भरीत का संपवतात

तीर्थरूप आईस, धुळ्याहून नवलचा नमस्कार.

फोनवर आबा शेजारीच असतात, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या रिकाम्या डब्यात घालून पिंपळनेरच्या बसने पाठवतोय. तुझे गुडघे कसे आहेत?

प्रोस्टेटचं रेडिएशन संपलं, आबा चालतात-फिरतात. आतडं मात्र हुळहुळं झालंय, सारखं संडासला पळावं लागतं. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, तरी तुझं भरीत संपवतात. म्हणे, "डबा तसाच परत गेला तर तिला कळंल."

काल संडासवाटे रक्त पडलं. डॉक्टरांना सांगू म्हणालो तर भडकले, "कॉलेज सोडलं तसा बापही सोड." माझंही डोकं फिरलं.

उद्या माझ्यासाठी सारिकाच्या घरी मागणी घालायला जाऊ नकोस. जीव तुटतो, पण तिला मी सांगेन. तू इकडे ये. तू हाताला धरून नेलंस तरच ते दवाखान्यात येतील.

तुझा,
नवल