बेरेंडकाकांच्या वडिलांचा अर्ज

४ मार्च, मंगळवार
बेरेंडकाकांकडे वाचन, दीड तास. आज पेपर नाही, त्यांच्या वडिलांची पेटी निघाली. गावच्या लायब्ररीत पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमेवरच्या वर्षांचं. प्रदर्शनाच्या मंडळवाल्यांनी कागद मागितले आणि काका हो म्हणून बसले. डोळे गेलेले, त्यामुळे पेटीत काय आहे ते त्यांनाच ठाऊक नाही. मग मी आहेच.

सोय दोघांची आहे म्हणा. माझी डचची परीक्षा मे महिन्यात, आणि त्यांना वाचून दाखवणारं कोणी नाही. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी उच्चार सुधारायचे. पान संपलं की मी तीन अडलेले शब्द विचारायचे. चौथा पुढच्या मंगळवारी. नियम त्यांचा. वय ८३. नावाने हाक मारायला जीभ वळेना म्हणून मी पहिल्याच दिवशी काका करून टाकलं, आता फोनवर स्वतःच "काका बोलतोय" म्हणतात.

आज निघालं ते असं: रेशनकार्डं, लग्नाची पत्रिका, एका गायीच्या आजारपणाची वही. निम्मं कळलं नाही. वाचताना माझं तोंड पुढे जातं, डोकं मागून येतं. लहानपणी स्तोत्रं म्हणायचे तीच गत. बाकी उच्चार स्वच्छ.

६ मार्च, गुरुवार
घरूनच काम. दहाला समोर काकांच्या दारात हिल्डेबाईंची छोटी निळी गाडी. दर गुरुवारी येतात, पलीकडच्या एल्टनहून, म्हणजे जर्मनीतून. गाडीने पंधरा मिनिटं, मध्ये सीमा कुठे गेली कळतही नाही. काकांना आपल्या शेतावर नेतात, सूप, पत्ते, चारला परत आणून सोडतात. दोघांचेही जोडीदार गेलेले. बारा वर्षं चाललंय. काका गुरुवारी दाढी गुळगुळीत करतात.

लेकीने, सईने विचारलं (डचमध्येच, मराठीत उत्तर देईल तर शपथ; काका तिचे ओपा, म्हणजे आजोबा), ती ओपाची गर्लफ्रेंड आहे का? गप बस म्हटलं. मलाही तेच वाटतं.

११ मार्च, मंगळवार
आजचं नीट लिहून ठेवते.

पेटीच्या तळाशी एक छापील फॉर्म, त्याला जोडून हाताने लिहिलेलं पत्र. वडिलांची सही. मी नेहमीसारखं वाचत सुटले. एल्टन, टेकडीखाली, अकरा हेक्टर, विटांचा गोठा, अठरा गायींना जागा. मध्येच 'लिंडेनहोफ' आलं. तो शब्द मला माहीत, हिल्डेबाईंच्या जॅमच्या बाटलीवर असतो. मी खुशीत म्हटलं, "काका, ही तर हिल्डेची शेती!"

मला वाटलं, काकांना ऐकू आलं नाही. पुढे वाचलं, सहीपर्यंत. मग नियमाप्रमाणे तीन शब्द विचारले. पहिला समजावला, अर्जदार. दुसरा समजावला, ताबा. तिसरा होता ऑन्टरुइम्ड.

मग म्हणाले, "घरात माणसं असतात. त्यांना बाहेर काढायचं. मग घर रिकामं होतं. त्याला म्हणतात तो शब्द."

उठवणं. आपल्याकडे म्हणतात ना, गाव उठवलं.

तेव्हा कुठे मला अख्खं पत्र कळलं. सध्याच्या रहिवाशांना उठवल्यावर लिंडेनहोफ मला मिळावं, असा अर्ज होता. आणि ते मी स्पष्ट उच्चारात, हसत हसत, त्यांना ऐकवलं होतं. इतकी लाज वाटली की चहाही घेतला नाही.

निघताना म्हणाले, ते पान तू घेऊन जा. घरी ठेव.

१२ मार्च
ऑफिसला आर्नहेमला. दिवसभर नकाशावर वीजकेबलची लाइन ओढत होते, कोणाच्या शेतातून, कोणाच्या कुंपणाखालून. स्क्रीनवर शेतांना नंबर असतात, नावं नसतात. याआधी कधी मनात आलं नव्हतं.

पान माझ्या बॅगेत आहे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. फेकायचं म्हणाले नाहीत. ठेव म्हणाले.

१५ मार्च, शनि.
नवऱ्याला, निखिलला सांगितलं. तो म्हणे, "आपण इथे भाड्याने राहतो, भाषेची परीक्षा अजून व्हायचीय, आणि तू कुठल्या ऐंशी वर्षांपूर्वीच्या भानगडीत पडतेस? दे ते पान परत आणि मोकळी हो." चुकीचं बोलत नाही. पण त्याच्या बोलण्याने माझं डोकं फिरलं ते फिरलंच. भांडी आपटून घासली. अर्ध्या तासाने त्यानेच चहा आणून दिला.

इंटरनेटवर थोडं वाचलं. खरंच तसं होतं. युद्ध संपल्यावर पलीकडे दोस्त राष्ट्रांच्या फौजा बसलेल्या, आणि इथे मोठी मागणी, की नुकसानीची भरपाई म्हणून जर्मनीची जमीन घ्या. काही योजनांमध्ये तिथली माणसं हाकलून इथले शेतकरी वसवायचे होते. शेवटी मिळाली थोडीशीच पट्टी. एल्टन त्यात होतं, १९४९ ते १९६३ डच कारभारात. माणसं मात्र जिथल्या तिथे राहिली. म्हणजे हिल्डेबाईंना कोणी उठवलं नाही. अर्ज नुसता अर्जच राहिला.

मग एवढं लागतंय का? लागतंय.

१८ मार्च, मंगळवार
पान परत घेऊन गेले. टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, काका, हे मला माझ्या घरात नको. तुम्ही ठरवा.

ते चिडले. पहिल्यांदाच. "पाच वर्षं जर्मन आमच्या डोक्यावर बसले होते. घोडा नेला, कोठार जाळलं. माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाला सक्तीने कामाला नेलं, तो परत आला नाही. घरात दहा माणसं आणि जमीन तिघांपुरती. त्या वेळी सगळेच मागत होते. तुला काय कळणार?"

मग मीही बोलले. अडखळत, निम्मं इंग्लिशमध्ये, पण बोलले. माझ्या आईचं माहेर धरणात गेलं. गाव उठवलं तेव्हा आई नऊ वर्षांची. जिथे जमीन दिली तिथले लोक यांना पहिली काही वर्षं विहिरीवर येऊ देत नव्हते, कारण ती जमीनही कोणाची तरी होतीच. आई अजून तिकडच्या घराच्या पायऱ्या मोजून सांगते. तेव्हा काका, हा एक शब्द मला कळतो. बाकीचे नसतील कळत.

भिंतीवर त्या धाकट्या भावाचा फोटो आहे, तो मी इतके दिवस काकांचा तरुणपणचा समजत होते.

जाताना विचारलं, हिल्डेला सांगणार? म्हणाले, "मी सांगितलं तर मी बाजू घेईन. वडिलांची किंवा माझी. तू वाच. गुरुवारी."

मी का? हा प्रश्न मला घरी आल्यावर सुचला.

२० मार्च, गुरुवार
अर्धा दिवस सुट्टी टाकली. आमच्या गाडीने गेलो, काकांनीच हिल्डेबाईंना तसं कळवलं होतं. लिंडेनहोफ पहिल्यांदा पाहिलं. गोठ्यात आता गायी नाहीत, भाचा सायकली ठेवतो. स्वयंपाकघर मोठं, सकाळचं ऊन थेट टेबलावर. कोपऱ्यात जुना हातपंप, हिरवा रंग दिलेला, शोभेला ठेवलाय.

बाई बटाटे सोलत होत्या. काका म्हणाले, ही एक कागद वाचणार आहे, ऐक. बाई एल्टनला शाळेत असताना गावात डच कारभारच होता, त्यांना डच चांगलं येतं.

वाचलं. या वेळी प्रत्येक शब्द मला माहीत होता. रात्री बसून पाठ केल्यासारखा समजून घेतला होता. कळून वाचणं इतकं कठीण असतं, याची कल्पना नव्हती. "स्वयंपाकघरात चांगला पंप आहे" या ओळीला थांबले, पाणी पिऊन पुढे वाचलं.

सुरी थांबली होती. बाई आधी पंपाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंप रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे तुझे वडील आत आले होते. माझ्या आईने त्यांना बसायला सांगितलं असणार."

काका म्हणाले, "मी चार वर्षांचा होतो, हिल्डे."

"मी सहा."

मग मला विचारलं, "आम्हाला कुठे पाठवायचं होतं, ते लिहिलंय का?"

मी फॉर्म उलटसुलट बघितला. अर्जदाराची मुलं किती, गुरं किती, पंथ कोणता, अवजारं स्वतःची आहेत का. सगळ्याला रकाने होते, सगळे भरलेले, अक्षर सुंदर. हे विचारणारा रकानाच नव्हता.

"नाही," म्हटलं.

त्यांनी उरलेले बटाटे सोलले. सूप झालं, आम्ही जेवलो, बोललो हवेबद्दल. पत्ते निघाले नाहीत. परतताना काकांनी गाडीत काच खाली केली आणि गावात शिरेपर्यंत तशीच ठेवली. थंडी मरणाची. मी हीटर वाढवला.

२७ मार्च, गुरुवार
गाडी आली नाही. काका साडेनऊपासून खिडकीत, दाढी करून. साडेअकराला मी जाऊन सूप देऊन आले.

दुपारी हिल्डेबाईंचा फोन, मला. "मी त्याच्यावर रागावले नाही. त्याने काही केलं नाही. पण आता मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. तो कागद पेटीत परत गेला तर मी त्याच्यासमोर पत्ते घेऊन बसू शकत नाही. भिंतीवर लाव म्हणावं. नावासकट."

तुम्हीच सांगा ना, म्हटलं. म्हणाल्या, "मी सांगितलं तर तो माझ्यासाठी करेल."

तसाच्या तसा निरोप दिला. काकांनी मान हलवली. तो हो होता की नाही, कळलं नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा
बाल्कनीत गुढी. वाऱ्याने तांब्या दोनदा पडला, शेवटी निखिलने सायकलच्या ट्यूबने करकचून बांधला. डब्यात श्रीखंड घेऊन काकांकडे गेले.

स्वतःच बोलायला लागले. अर्धं गाव त्यांच्याच आडनावाचं. वडील चर्चमधले मानाचे, अजून लोक त्यांचं नाव काढतात. वडिलांच्या धाकट्या भावाचं नाव चौकातल्या युद्धस्मारकावर कोरलेलं. "उद्या भिंतीवर तो अर्ज बघून माझा पुतण्या विचारेल, कशाला लावलास? मेलेल्या माणसाला बाजू मांडता येते का?"

मी विचारलं, मग?

"मग काय. तो वाईट माणूस नव्हता ग. मला खांद्यावर घेऊन कुरणात फिरायचा." आणि रडले. मीही रडले. श्रीखंड तसंच राहिलं.

१ एप्रिल, मंगळवार
वाचन नाही. नको म्हणाले. मंडळवाल्या बाई शुक्रवारी सकाळी कागद न्यायला येणार आहेत, शनिवारी उद्घाटन. पेटी टेबलावर, झाकण लावलेलं.

निखिल रात्री जेवताना म्हणाला, "तू काकांच्या जागी असतीस तर?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण काका खांद्यावर बसून कुरणात फिरलेत, मी नाही. म्हणून ताटं उचलली.

३ एप्रिल, गुरुवार
निळी गाडी आजही नाही. तीनला काकांचा फोन, पेन घेऊन ये.

टेबलावर अर्ज बाहेर काढून ठेवलेला. शेजारी पोस्टकार्डाएवढं कोरं कार्ड, मंडळाने दिलेलं. प्रत्येक कागदाखाली असं एक लागणार. म्हणाले, मी सांगतो, तू लिही. चूक झाली तर मला दिसणार नाही, तेव्हा सावकाश.

वडिलांचं पूर्ण नाव सांगितलं. लिहिलं. शेतकरी. लिहिलं. "युद्धानंतर यांनी एल्टनमधील लिंडेनहोफ ही शेती मागितली." लिहिलं. मला वाटलं संपलं. पेनला टोपण लावलं.

"थांब. पुढे लिही. त्या वेळी तिथे राहत होते." आणि नावं सांगायला लागले. हिल्डेच्या वडिलांचं. आईचं. हिल्डे, वय सहा. तिचा भाऊ, पाळण्यातला. बारा वर्षांच्या गुरुवारांत ऐकलेली असणार, एकेक आठवून सांगत होते, आडनावाची अक्षरं सुटी सुटी करून. सावकाश लिहिलं, अक्षर बरं आलं.

मग अडले. "एक आजी होती. चुलीजवळ बसायची म्हणते ती. नाव मला माहीत नाही."

आजी असं नुसतं लिहू का, विचारलं.

"नाही. नाव पाहिजे."

कार्डावर एका ओळीची जागा उरली होती. उद्या सकाळी त्या बाई येणार. कार्ड देणार का, हे काकांनी अजूनही सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. काकांनी फोन माझ्याकडे सरकवला. हिल्डेचा नंबर लाव.

लावला, त्यांच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजत होती तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं.