एका शेअरची मालकीण

वाणेपाडा, २२ जानेवारी २०१६

ती. उल्काताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण माझा फोन कोणीतरी ऐकतं असा गावाच्या वकिलांना संशय आहे. शिवाय मास्तर असलेल्या बाबांनी आपल्याकडून एवढी पत्रं गिरवून घेतली, ती कधी कामी यायची?

आई बरी आहे. अजूनही ओहोटीला तिवरांत जाऊन चिंबोऱ्या धरते आणि मी मुंबईहून आणलेल्या मिठाईला नाकं मुरडते. मला मात्र चैन नाही. आपल्या खाडीत भराव घालून बंदर बांधायचं नक्की झालंय, आणि भरावाचं काम शैलेंद्रभावोजी नोकरी करतात त्याच डच कंपनीला मिळालंय.

तुमच्या तिथली एक पर्यावरणवाली संस्था म्हणते की कंपनीचा एक जरी शेअर असला, तरी त्या माणसाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला वार्षिक सभेत बोलता येतं. तू तुझ्या नावावर एक शेअर घे आणि मला प्रतिनिधी कर. एप्रिलमध्ये मी येते. मालिकांमधून वर्षानुवर्षं मोलकरीण होऊन लाद्या पुसल्या, तेव्हा कुठे एका सिनेमात नायिका झाले. आता चार लोक माझं ऐकतात, तर ते गावाच्या उपयोगी पडू दे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
जयंती

हार्लेम, ११ फेब्रुवारी २०१६

चि. जयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अगं, आमचं इथलं राहणंच शैलेंद्रच्या नोकरीवर टांगलेलं आहे. ती गेली आणि लवकर दुसरी मिळाली नाही, की परमिट रद्द. मग ईशानीची शाळा अर्ध्यात सोडून आम्ही परत. कंपनीच्या स्लोटरडाइकमधल्या ऑफिसात त्याला कोणी विचारलं की ही बाई तुझी कोण, तर त्याने काय सांगायचं? तुझं काय जातंय बोलायला, हिरॉइनबाई!

आणखी एक. इथल्या मराठी मंडळींना मी डहाणूकडची, एवढंच माहीत आहे. वारली म्हटलं की भिंतीवरच्या चित्रांचं कौतुक सुरू होतं आणि माझ्याबद्दल कोणी काही विचारतच नाही. म्हणून सांगायचंच सोडलं.

तरीही शेअर घेतला आहे. माझ्या पासपोर्टवर अजून माहेरचं वरठा हेच नाव असल्याने शैलेंद्रशी कोणी जोडणार नाही. त्याला अजून सांगितलेलं नाही. तू ये, बोल, पण सभेत मला ओळख दाखवू नकोस.

माझं नाव ओठांवर आणू नकोस, मनात मात्र राहू दे.

तुझी,
ताई

वाणेपाडा, २८ मार्च २०१६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला येता येणार नाही. बंदराच्या मोजणीवाल्यांना अडवलं म्हणून आम्हा बायकांवर गुन्हा दाखल झालाय आणि माझा पासपोर्ट पोलिसांकडे जमा आहे. निर्माते श्रीधर यांनीही निरोप धाडला की बंदराबद्दल तोंड बंद ठेवलं तर नवा सिनेमा माझाच. मी नाही म्हटलं. आता एक गोरीपान मुलगी तोंडाला काळं फासून वारली बाई होणार आहे. हसू येतं आणि रडूही.

ताई, शेअर तुझा आहे, आता तूच बोल. पाठ करू नकोस. समोरच्या एकाच माणसाकडे बघ आणि आई कुठे जाऊन चिंबोऱ्या धरते तेवढं सांग. नाव सांगायची भीती वाटली तर नको सांगूस. सभेला गेलीच नाहीस तर मी समजून घेईन, पण वाईट वाटेल.

लहान बहिणीचा हट्ट म्हणून पोटात घाल.

तुझी,
जयंती

हार्लेम, २६ एप्रिल २०१६

चि. जयंतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बोलले गं. सभेआधी शैलेंद्रला सगळं सांगितलं, तर तो भडकलाच. सभेत पुकारलं तुझंच नाव, कारण संस्थेने आधी दिलेली बोलणाऱ्यांची यादी कोणी बदललीच नव्हती. मी दुरुस्ती केली नाही. भित्रेपणाच, दुसरं काय! तिवर, ओहोटी, आईची चिंबोऱ्यांची पाटी, सगळं सांगितलं आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरात बातमी आली की भारतीय अभिनेत्रीने सभा गाजवली. खाली कंपनीचा खुलासा होता. बाई नामांकित नटी आहेत, प्रयोग उत्तम झाला, प्रत्यक्षात मात्र त्या खाडीवर आता कोणाचं पोट चालत नाही. शैलेंद्रने सुस्कारा टाकला. म्हणाला, तिचं नाव आलं ते बरंच झालं, आपण वाचलो.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आईच्या जन्मभराच्या कष्टांना हे लोक नाटक म्हणणार, आणि तेही तुझ्या नावावर! मी शैलेंद्रला सांगितलं की पेपरला फोन करते, मग नोकरीचं जे व्हायचं ते होवो. त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, नाव देणारच असशील तर नुसतं वरठा नको, माझं पानसेही लाव, अर्धवट खरं कशाला.

फोन केला. उद्याच्या अंकात दुरुस्ती येईल. सभेत बोलणारी बाई वाणेपाड्याची वारली आहे, राहणार हार्लेम, आणि तिने आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही.

कदाचित आम्हाला लवकरच परत यावं लागेल. आलोच तर दारातून आत घे.

तुझी ताई,
उल्का वरठा-पानसे